पंगतीचा हिशेब

लग्नाचे जेवण जमले की लोक नवरीच्या बापाचे नाव घेतात आणि बिघडले की आचाऱ्याचे. या दोघांच्या मधे एक तिसरा माणूस असतो. त्याच्या कमरेला किल्ली असते, हातात वही असते आणि तो दिवसभर तांदळाच्या पोत्यांजवळ बसलेला असतो. हा कोठी सांभाळणारा. मी शाळामास्तर. त्यामुळे हिशेबाला बरा आणि कोणाच्या घरचे तूप इकडे तिकडे होऊ देणार नाही, असा गावाचा समज. त्या समजापायी हे काम तीस-पस्तीस वर्षे माझ्याकडे येत राहिले. मी स्वतः कधी भाताचा गंज चुलीवर चढवला नाही, पण किती गंज चढले, किती उतरले आणि किती वाया गेले, हे मला पाठ असे. आज त्याच अनुभवावर बोलणार आहे.

बपेरा हे आमचे गाव भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याच्या टोकाला. पुढे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा सुरू होतो. राज्याची सीमा सरकारी नकाशावर आहे, सोयरिकीत ती नाही. इकडच्या मुली तिकडे नांदतात, तिकडच्या इकडे. वरातीबरोबर भाषा बदलते, गाणी बदलतात, पण पानावरचा भात बदलत नाही. दोन्हीकडे धानाचाच मुलूख. गंमत अशी की आमच्याकडचा जुना सुवासिक चिन्नोर तांदूळ, त्याला बालाघाटच्या नावाने २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि पुढे भंडाऱ्याच्या नावानेही मिळाले. एकच दाणा, दोन राज्यांची दोन प्रमाणपत्रे. लग्नघरी मात्र कोणी प्रमाणपत्र पाहत नाही. तांदूळ जुना आहे का, एवढेच पाहतात.

जुना कशासाठी, हे सांगतो. नव्या धानाचा तांदूळ शिजताना चिकटतो. घरच्या चार माणसांच्या भाताला ते चालते, लहान पोरांना तर मऊ भात आवडतोच. पण मोठ्या गंजात तोच तांदूळ घातला तर वरच्या भाताच्या वजनाने खालचा दबतो आणि त्याचा लगदा होतो. वर्षभर मुरलेला तांदूळ पाणी जास्त पितो, फुगतो आणि दाणा दाण्यापासून सुटा राहतो. म्हणून ज्याच्या घरी पुढच्या उन्हाळ्यात लग्न आहे तो आदल्या वर्षीचे धान कोठीत राखून ठेवायचा. गावात कोणी धान विकायला काढले नाही की लोक ओळखायचे, या घरी मुलीचे ठरते आहे. चिन्नोर सगळ्या गावाला पुरेल इतका कोणाकडेच नसे. तो नवरदेवाकडच्या पहिल्या पंगतीला, बाकीच्यांना दुसरा. पुढे एचएमटी आला आणि हा भेद बराच कमी झाला. हे वाण चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात आपल्या लहानशा शेतात निवडून निवडून तयार केले. त्या काळी एचएमटीचे घड्याळ लोकांच्या मनगटावर होते, तेच नाव तांदळाला पडले. बारीक दाणा, चवीला चांगला आणि उतारा भरपूर. दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले. आमच्याकडच्या किती लग्नांचा मान त्यांच्या तांदळाने राखला, याची मोजदाद करायची तर माझ्या सगळ्या वह्या काढाव्या लागतील.

आता माणसे मोजायची कशी? आमंत्रणाचे दोन प्रकार. एक घरटी एक माणूस आणि दुसरे चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही, म्हातारीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांनी यायचे. (आमच्या जिल्ह्यात चुलबंद नावाची नदीही आहे. तिचा या आमंत्रणाशी संबंध लावायचा मोह अनेकांना होतो, मी तो टाळतो.) कोठीवाला चूलबंद घरे वेगळी मांडतो, माणशी एक पान धरतो आणि शंभर पानांचा एक ठोक हिशेब करतो. माझा हिशेब असा होता: शंभर पानांना पंधरा किलो तांदूळ, साडेतीन-चार किलो तुरीची डाळ, बारा ते पंधरा किलो आलू-वांगे, पुऱ्यांना आठ-दहा किलो कणीक. शहरातला माणूस म्हणेल, माणशी दीडशे ग्रॅम तांदूळ म्हणजे फार झाला. एक किलो तांदळाचा अडीच-तीन किलो भात होतो, म्हणजे माणशी चारशे ग्रॅमच्या आसपास भात. पण रोवणी-कापणी करणाऱ्या माणसाला तो जास्त नाही. पंगतीत पुरी ही पाहुणी, भात हा घरचा.

भाजी कोणती? उन्हाळ्यात आलू-वांगेच. सांबार, म्हणजे तुम्ही ज्याला कोथिंबीर म्हणता तो, तेव्हा महाग झालेला असतो, म्हणून तो वरून, मोजून. गोडाला बुंदी किंवा जिलेबी. आणि बऱ्याच घरी लाखोळीच्या डाळीचे वडे. लाखोळी हे आमच्या बांधीतले उताऱ्याचे, उतेऱ्याचे पीक. धान उभे असतानाच ओल्या बांधीत बी फेकायचे आणि उरल्या ओलीवर ते वाढू द्यायचे. हीच ती डाळ, जी महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांतले बळ जाते. म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. नंतर शास्त्रज्ञांनी तिच्यातले विषारी द्रव्य कमी असणारी रतन, प्रतीक, महातिवडा अशी वाणे काढली. लग्नात दोन वडे खाऊन कोणाचे पाय गेले नाहीत. दुष्काळात दुसरे काहीच नसताना रोज तीच खावी लागली त्यांचे गेले. विषाचा प्रश्न होता तसा तो गरिबीचाही होता.

पान म्हणजे पत्रावळ. पळसाचे झाड हिवाळा संपता संपता पाने गाळते, मग लाल फुलते आणि त्यानंतर त्याला नवी पाने येतात. ही पाने मोठी होऊन हाताशी येतात तेव्हा आमच्याकडे लग्नसराई ऐन भरात असते. जणू झाडाने मुहूर्त पाहिला आहे. बांबूच्या बारीक काड्यांनी पाने एकमेकांना टाचायची, द्रोणाला काठ उभे करायचे. पंधरा दिवस आधीपासून शेजारपाजारच्या बाया दुपारी बसून हे काम करीत. पुढे थर्माकोलच्या ताटल्या आल्या. हलक्या, पांढऱ्या, स्वस्त, आणि जेवणानंतर गावाच्या आखरावर वर्ष वर्ष उडत राहणाऱ्या. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी त्यांच्यावर बंदीची अधिसूचना काढली, देशभरातली एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरची बंदी १ जुलै २०२२ पासून आली. थर्माकोल बरेचसे गेले, पण त्याची जागा पळसाने परत घेतली नाही. कागदाच्या चकचकीत ताटल्यांनी घेतली. पाने तोडणारे हात आता दुसऱ्या कामाला लागले आहेत आणि एकदा मोडलेली सवय बंदीच्या कागदाने परत येत नाही.

पंगतीला एक शिस्त असते. आधी मीठ आणि चटणी, डावीकडे. मग भाजी, मग भात आणि त्यावर वरण. बादली घेऊन पोरे ओळीने धावतात. सगळ्यांना वाढून होईपर्यंत कोणी घास घ्यायचा नाही. शेवटच्या माणसाचे पान भरले की श्लोक होतो आणि मग सगळे एकदम जेवतात. उठायचेही एकदमच. ज्याचे आधी झाले तो बसून राहतो. यात नुसता शिष्टाचार नाही, व्यवस्थाही आहे. दोनशे माणसे एकाच वेळी भात खातात, एकाच वेळी थांबतात. म्हणजे आचाऱ्याला नेमके कळते की पुढचा गंज केव्हा उतरवायचा. पंगत बसली की एक गंज उतरतो, ती उठेपर्यंत दुसऱ्याला उकळी येते. भात चुलीवरून पानावर यायला अर्धा तासही लागत नाही. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण खरा धोका तिथे आहे.

पण पंगतीचे गुणगान गाणारे जे लेख येतात, ते पहिल्या पंगतीत बसून लिहिलेले असतात, असे मला नेहमी वाटते. पहिली पंगत नवरदेवाकडच्या पुरुषांची. मग गावातली मानाची माणसे. मग बाकीचे पुरुष, पोरे. मग वऱ्हाडातल्या बाया. आणि सगळ्यात शेवटी घरच्या बाया, ज्या पहाटेपासून राबत होत्या. त्यांची पंगत चार-साडेचारला बसायची. तोवर वरणात दोनदा पाणी पडलेले असायचे, भाजीत फोडी कमी आणि रस्सा फार, बुंदीचा तर चुरा. माझ्या वहीत पानांचा आकडा असे, कितव्या पंगतीला काय उरले याचा रकाना नसे. तो असता तर ती वही वेगळी दिसली असती.

आणि जात. माझ्या लहानपणी एका मांडवात सगळा गाव जेवत नव्हता. काही घरांची माणसे मांडवाबाहेर, वेगळ्या जागी बसत आणि त्यांना वरून वाढले जाई. काही घरे कोणाच्या हातचे शिजलेले घेत नसत, त्यांना शिधा जाई: तांदूळ, डाळ, तूप, मीठ. एकाच लग्नाचे जेवण कोणी पंगतीत घेई, कोणी बाहेर, कोणी आपल्या चुलीवर शिजवून. कोठीवाल्याला या सगळ्याचा हिशेब ठेवावा लागे, म्हणून मला तो ठाऊक आहे. १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या भागातल्या पुष्कळ कुटुंबांनी असल्या मानपानाच्या लग्नांकडे पाठ फिरवली आणि आपली लग्ने आपल्या पद्धतीने, थोडक्या विधीत लावायला सुरुवात केली. मांडवाबाहेरची ती जागा रिकामी राहू लागली तेव्हा कुठे गावाच्या लक्षात आले, की तिथे कोणी बसत होते.

कोणाबरोबर खाल्ले, यावरून या राज्यात किती मोठी वादळे उठली ते आठवा. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला गावातली प्रतिष्ठित मंडळी गेली. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. पुढे जमलेल्यांची नावे छापून आली आणि शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे त्या प्रकरणात सापडली, रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. एका कपभर चहासाठी! आमच्या खेड्यात चहाचा प्रश्न नव्हता, भाताचा होता, आणि शिजलेला भात चहापेक्षा कितीतरी जड.

साहेबाच्या टेबलाची गोष्ट निघालीच आहे तर तिकडचेही थोडे सांगतो. माझा भाचा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे नवरा-बायको त्याच्याकडे गेलो होतो आणि त्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्याने आम्हाला शहराबाहेर, शेतांच्या मधल्या एका जुन्या खाणावळीत नेले. रविवार होता. टेबल आधी सांगून ठेवलेले. तिथे रविवारी दुपारी भाजलेल्या मांसाचे मोठे जेवण असते. जुन्या काळी चर्चला जाण्याआधी मांस भट्टीत ठेवायचे आणि प्रार्थना करून आले की ते तयार, अशी त्याची रीत सांगतात. सोबत भाजलेले आलू, भाज्या आणि यॉर्कशायर पुडिंग. नावावरून मी ते गोड समजलो होतो. ते गोड नसते. अंडी, दूध आणि मैदा यांचे फुगलेले, वाटीसारखे काहीतरी असते. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ सालच्या पाककृतीच्या पुस्तकात ते या नावाने आहे. भाच्याने सांगितले, की पूर्वी गरीब घरात हे पुडिंग रश्श्याबरोबर आधी वाढत, म्हणजे पोट निम्मे भरते आणि महागाचे मांस थोडक्यात भागते. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखे वाटले. आमच्याकडे बुंदी कमी असली की वाढपी पोरांना कोठीवरून हळूच निरोप जातो, भात-वरण आणखी एकदा फिरवा.

आम्ही दोघे शाकाहारी. आमच्यासाठी सुक्या मेव्याचा भाजलेला वडीसारखा तुकडा आला. चांगला होता. पण बायको म्हणाली, कोणी पुन्हा घ्या म्हणत नाही हो. खरे होते. पान एकदाच भरून येते, आपले आपण संपवायचे, शेवटी बिल. खाणावळीचा मालक दारात हसून बोलला, पण तो यजमान नव्हता आणि आम्ही पाहुणे नव्हतो. यात उणेपणा होता असे मी म्हणणार नाही. कोण आधी बसले, कोण नंतर, हा प्रश्नच तिथे नव्हता. भाच्याची बायको आमच्याबरोबरच, त्याच गरम जेवणाला बसली होती. बपेऱ्याच्या मांडवात हे तिला कधी मिळाले नसते.

त्याच देशात दुसऱ्या महायुद्धात सरकारनेच एक पंगत घातली होती, तीही सांगण्यासारखी आहे. बॉम्बहल्ल्यांत घरे गेलेल्या आणि रेशनवर जगणाऱ्या लोकांसाठी सार्वजनिक भोजनगृहे निघाली. आधी त्यांना सामुदायिक भोजन केंद्र असे रूक्ष नाव होते. चर्चिलना ते आवडले नाही, त्यांनी ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ हे नाव सुचवले. नऊ पेन्सच्या आसपास पोटभर जेवण मिळे आणि १९४३पर्यंत अशी दोन हजारांहून जास्त केंद्रे झाली होती. उलट बाजूने, १९४२च्या जूनपासून श्रीमंतांच्या हॉटेलांतही पाच शिलिंगांपेक्षा महाग जेवण देण्यावर बंदी आणि तीनपेक्षा जास्त प्रकार वाढायचे नाहीत, असा नियम. म्हणजे गरिबाचे पान वर उचलले आणि श्रीमंताचे खाली आणले. आपल्याकडे गाडगेबाबांनी कर्ज काढून लग्ने करू नका, म्हणून जन्मभर कानीकपाळी ओरडून सांगितले, तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत लग्नातल्या उधळपट्टीवर टीका केली. त्यांच्या हातात झाडू होता, खंजिरी होती. नियम करायची सत्ता नव्हती. तसा नियम आपल्याकडे आला तो साथीमुळे. मे २०२०मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात पंचवीस माणसे आणि दोन तास. त्या दोन उन्हाळ्यांत ज्यांच्या मुलींची लग्ने झाली त्यातल्या कित्येक बापांनी मला खासगीत सांगितले, मास्तर, जमीन वाचली. साथ ओसरली आणि पुढच्याच हंगामात मांडव पूर्वीपेक्षा मोठे झाले.

आता लग्न गावात होत नाही. रस्त्याकडेला लॉन असते, तिथे होते. जेवण बुफे. कोठी नाही, त्यामुळे कोठीवालाही नाही, आणि मी निवृत्त झालो ते बरेच झाले. बुफेवर टीका करण्याची आपल्याकडे फॅशन आहे, म्हणून आधी त्याचे ऋण सांगतो. रांगेत ताटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाची जात कोणाला दिसत नाही. घरच्या बायांना चार वाजेपर्यंत थांबावे लागत नाही. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला मांडी घालावी लागत नाही, खुर्ची मिळते. शंभर सुधारकांनी जे सांगून झाले नाही ते एका लांब टेबलाने करून टाकले.

मग बिघडले कुठे? दोन ठिकाणी. पहिले म्हणजे हिशेबाचे एकक बदलले. आमचा हिशेब पानांचा, पण खर्च तांदळाचा. पाने कमी आली तर पोते बंदच राही आणि बंद पोते घरात परत जाई, ते वर्षभर खाता येई. आता ठेका प्लेटचा. पाचशे प्लेट सांगितल्या आणि साडेतीनशे माणसे आली, तरी ठरलेल्या पाचशेचे पैसे द्यावेच लागतात. म्हणून बाप धास्तीने कमी सांगतो, मग ऐनवेळी कमी पडेल म्हणून पुन्हा वाढवतो. त्यात पदार्थांची संख्या ही प्रतिष्ठा झाली. वीस पदार्थ मांडले की प्रत्येक जण वीसही थोडे थोडे घेतो आणि निम्मे टाकतो. पंगतीत वाढपी विचारायचा, घेणारा नको म्हणायचा, वाढपी आग्रह करायचा. या झटापटीत लाज म्हणून तरी माणूस पानावरचे संपवायचा. टाकलेल्या ताटलीला लाज नसते, ती टोपलीत पडली की कोणाची होती ते कळत नाही.

दुसरे ठिकाण जास्त गंभीर आहे आणि मघाशी म्हणालो तो धोका हाच. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाचा एक जिवाणू असतो. शेतातल्या मातीतूनच तो येतो. भात शिजला की जिवाणू मरतो, पण त्याची बीजे मरत नाहीत, उकळत्या पाण्यातही टिकतात. भात गरम असेपर्यंत ती गप्प असतात. तो कोमट झाला की ती रुजतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे भाताला वास येत नाही, चव बदलत नाही, वाफ तर मस्त येते, आणि तास-दोन तासांत लोकांना ओकाऱ्या सुरू होतात. अन्न साठ अंशांच्या वर गरम ठेवा नाहीतर लवकर गार करून पाच अंशांच्या खाली न्या, मधे रेंगाळू देऊ नका, असा नियम आहे तो यासाठी. मोठ्या गंजातला भात वरून गार लागला तरी मधे कित्येक तास कोमट असतो. त्यात आमचा मे महिना. दुपारी पारा पंचेचाळीसकडे जातो आणि रात्रीही हवा गार होत नाही. जिवाणूला यापेक्षा चांगली ऊबदार खोली कोण देणार?

जुन्या पंगतीत गंजामागून गंज ताजा उतरत असल्यामुळे हा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप टळत असे. त्यात कोणाचे शास्त्र नव्हते, चुलीची आणि गंजांची मर्यादा होती, एवढेच. बुफेत सगळा भात पाच वाजता शिजवून तयार, वरात नाचत नाचत नऊला येते आणि शेवटचे जेवण अकराला. टेबलावरच्या चकचकीत भांड्यांखाली दिवा असतो, पण वाऱ्याने तो विझलेला असतो किंवा वाचवायला म्हणून लावलेलाच नसतो. दुधाच्या पदार्थांचे आणखी वेगळे. खरचटलेल्या, पिकलेल्या बोटांतून जाणारे जिवाणू रबडीत, श्रीखंडात असेच विष करून ठेवतात. अन्न सुरक्षा कायदा २००६चा आहे, २०११पासून लागू आहे आणि केटरिंग करणाऱ्याला त्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. तो दाखव म्हणणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. प्लेटचा भाव मात्र सगळे विचारतात.

याच भागातले एक जेवण मात्र या दोन्ही रोगांतून सुटले आहे. सिहोऱ्याजवळ चांदपूरला तलाव आणि हनुमानाचे देवस्थान आहे. नवस फेडायला, नाहीतर नुसतेच निमित्त काढून लोक तिथे जातात आणि झाडाखाली स्वयंपाक करतात. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तूप. गोवऱ्यांचा ढीग पेटवून त्याचा निखारा होऊ द्यायचा आणि त्यात कणकेचे गोळे पुरायचे. गोवरीची आच मंद आणि सगळीकडून सारखी, म्हणून गोळा करपत नाही, आतपर्यंत भाजतो. पानगे केले तर कणीक पळसाच्या पानांत दाबून भाजतात, पानाचा वास त्यात उतरतो. हे सगळे निखाऱ्यातून निघाले की राख झटकून, फोडून, तूप घालून लगेच खायचे. उरवून ठेवण्यासारखे त्यात फार काही नसते. भाजायचे काम पुरुष करतात, त्यामुळे बाया त्या दिवशी झाडाखाली बसलेल्या दिसतात, जेवायलाही बरोबरच बसतात.

लग्न ठरले की अजूनही काही जण माझ्याकडे वहीसाठी येतात. मी त्यांना शंभर पानांचा हिशेब देतो आणि केटररशी बोलताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या म्हणतो. भात एकदम शिजवायचा नाही, दोन-दोनशे माणसांच्या खेपा करायच्या आणि पुढची खेप वरात दारात आल्यावर चढवायची. टेबलाखालचे दिवे पाहायला घरचा एक माणूस नेमायचा. आणि रात्री उरलेला भात सकाळी कोणाला वाटायचा नाही. वाटायचा असेल तर गरम असतानाच, रात्रीच वाटायचा. पहिल्या दोन गोष्टी लोक ऐकतात. तिसऱ्याला घरच्या म्हाताऱ्या बायांचा विरोध असतो. अन्न फेकवत नाही, असे त्या म्हणतात. मग मी त्यांना सांगतो, फेकू नका, तांदूळच कमी काढा. त्यावर त्या विचारतात, आणि कमी पडला तर? उत्तर म्हणून मी दहा किलो तांदूळ, एक रिकामा गंज आणि दोन मोळ्या लाकडे बाजूला काढून ठेवायला सांगतो. पाऊण तासात भात होतो. तेवढा वेळ वऱ्हाड नाचतच असते.